लिंबूपुदिन्याच्या वाफ्यात

मधमाश्यांच्या रिकाम्या पेटीला मी आतून लिंबूपुदिन्याचा पाला चोळत होते, तेवढ्यात खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला आणि धुण्याच्या दगडापाशी बसलेल्या वनिताच्या हातातलं पिळलेलं लुगडं पुन्हा बादलीत पडलं.

"वैनी, आलं त्ये," ती म्हणाली.

वनिता माझी धाकटी नणंद. हॉर्न कुणाचा हे मलाही कळलं होतं. तिचा नवरा, हणमंत दाजी, कोरेगावच्या बाजूला माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवायचे. आमच्या वाडीचं वळण लागलं की हॉर्नवर ठेवलेला हात ते जीप थांबेपर्यंत उचलायचे नाहीत. जावई आलाय हे साऱ्या वाडीनं ऐकावं, एवढंच त्यामागे.

"पिंकीला आत ने आणि कडी लाव," मी म्हणाले.

पिंकी वनिताची मुलगी, चार वर्षांची. तिचा उजवा हात माझ्या जुन्या पातळाच्या झोळीत गळ्याशी अडकवलेला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. आईला मारणाऱ्या बापाच्या पायाला मिठी मारायला गेली, तर त्यानं तिला उचलून दारावर भिरकावलं होतं. त्याच पहाटे वनिता तिला पाठीशी बांधून दुधाच्या गाडीनं मेढ्यापर्यंत आली आणि तिथून घाट चढून आमच्याकडे. तिचा स्वतःचा ओठ फाटला होता. त्याचं तिनं नावही काढलं नाही.

दाजींची एक रीत होती. बायको माहेरी पळून आली की ते तिला ओढत न्यायचे नाहीत. पोरीला उचलून जीपमध्ये घालायचे आणि निघून जायचे. मग वनिता दिवस मावळायच्या आत गाठोडं बांधून आपल्या पायांनी परत जायची. असं आधी दोनदा झालं होतं. या खेपेला आल्या आल्या तिनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "वैनी, आता पिंकीला त्येंच्या हाती जाऊ दिऊ नगा. जगायची न्हाई ती."

मी शब्द दिला होता. कुणाच्या जोरावर दिला, कोण जाणे. आमचे मालक सर्जेराव मधाचे डबे घेऊन मेढ्याला गेले होते. घरात होतो आम्ही दोघी, पोर आणि मामंजी.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, फार भला माणूस. सगळं आयुष्य मधमाश्यांत काढलं, पण स्वतः कुणाला टोचून बोलले नाहीत. जावयाची गोष्ट निघाली की मात्र त्यांचं डोकं चालायचं बंद व्हायचं. जावयावर हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही, तो दारात आला की आधी पाय धुवायचे आणि मग काय ते बोलायचं. त्यांच्या बापानं हे पाळलं, त्यांनीही पाळलं. लेकीचा फाटका ओठ आणि नातीचा मोडका खांदा बघूनही ते एवढंच म्हणाले होते, "पावण्यांना समजावून सांगू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण सुनेचं ऐकतंय कोण?

चैत्राचे दिवस होते. त्या दिवशी सकाळीच आमच्या एका पेटीतून थवा सुटला होता आणि धुण्याच्या दगडावर आलेल्या पेरूच्या खालच्या फांदीला जाऊन लोंबकळला होता. हातभर लांब, काळपट, सतत हलणारा घोस. घरच्या सातेरी माश्या. जुनं घर सोडून निघताना या माश्या पोटभर मध पिऊन निघतात. राखायला ना पिल्लं असतात ना साठवण, म्हणून त्या वेळी त्या सहसा डंख मारत नाहीत. मधपाळाच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. बाहेरच्या माणसाला कितीही सांगा, पटत नाही.

अशा थव्याला नव्या पेटीत घ्यायचं तर पेटीला लिंबूपुदिना चोळायचा, ही टूम मी आणलेली. लग्नाआधी मी पाचगणीला एका कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात कामाला होते. तिथल्या सिस्टर रोझालिननी मागच्या बागेत लेमन बाम लावला होता. पान पुदिन्यासारखं, पण चुरडलं की वास लिंबाच्या सालीचा. मी काम सोडलं तेव्हा त्यांनी मुळासकट एक ठोंब ओल्या फडक्यात बांधून दिला आणि बजावलं की दुपारचं ऊन लागू देऊ नकोस, पायाशी पाणी साचू देऊ नकोस, आणि फुलावर यायच्या आधी शेंडे खुड. मी तो पेरूच्या सावलीत लावला. पहिल्याच पावसाळ्यात कुजला. आमच्याकडचा पाऊस त्याला कुठला सोसायला! वाचलेल्या एका मुळीवरून पुन्हा धरला, तेव्हापासून पावसाळ्यात थोडा गळक्या घमेल्यात घालून पडवीत ठेवायचा आणि दसऱ्यानंतर परत वाफ्यात लावायचा, असं चाललं होतं. एकदा जोर धरला की मात्र आवरत नाही. माझी कोथिंबीर त्यानं केव्हाच गिळली होती.

मामंजींना त्याचा गूळ घालून चहा लागायचा. गांधील चावली की पाला चोळायचा. वनिता आल्यापासून झोपेत दचकून उठत होती, म्हणून तिला त्याचा काढा देत होते. पेटीत पाला चोळायचं सिस्टरांनीच सांगितलं होतं. मी तसं केलं आणि रानातला एक थवा आपण होऊन येऊन बसला, तेव्हापासून मामंजी माश्यांना हात लावायच्या आधी स्वतःचे तळहातही त्या पाल्यानं चोळायला लागले. वनिता तेव्हा परकरात होती. तिलाही त्यांनी तीच सवय लावली.

तर दाजी आले. आमचं घर रस्त्यापासून उंचावर, आणि खाली उतरायची पायवाट माझ्या वाफ्याला लागूनच. त्या वाटेनं ते सावकाश चढून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटात कडं. पायरीशी थांबले आणि त्यांनी पाय पुढे केला.

मामंजी खाली बसले. मी तांब्यानं पाणी ओतत होते आणि तो म्हातारा माणूस आपल्या लेकीला लाथा घालणारा पाय दोन्ही हातांनी चोळून धूत होता. 

"बसा, पावणं," मामंजी म्हणाले. "च्या टाक गं, मालन."

"च्या नगं मामा. पोर घिऊन जायाला आलूय."

"पावणं, हाड मोडलंय तिचं. जुळूस्तवर राहू द्या हितं."

"हाड काय, जुळतंय. तिकडं बी जुळतंय."

"मोडलं कुणी, दाजी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "वैनी, मी मामांशी बोलतूय."

"मी तुमच्याशी बोलतेय. मोडलं कुणी?"

"मालन," मामंजी म्हणाले. "आत जा."

"आत जाऊन काय करू? दाराला आतून कडी आहे, आणि मी काही ती काढायला सांगायची नाही. पोर मिळणार नाही, दाजी. चहा घ्यायचा तर घ्या, नाही तर तुमची जीप खाली उभी आहे."

मी रिकामा करून पायरीवर ठेवलेला पितळी तांब्या त्यांनी उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. फेकला नाही, हातात धरून मारला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं आणि दोन पावलं मागे जाऊन मी खांबाला धडकले. तोवर ते दारापाशी पोहोचले होते. आमची कडी म्हणजे काय, एक जुनी साखळी. तिसऱ्या लाथेला कोयंड्यासकट निघून आली.

आतून वनिताची किंकाळी आली, मग भांडी पडल्याचा आवाज. दाजी बाहेर आले ते पिंकीला त्या झोळीलाच धरून ओढत. मोडक्या खांद्याची झोळी! पोर रडतसुद्धा नव्हती. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. मागून वनितानं त्यांच्या कमरेला मिठी घातली होती आणि ते चालता चालता कोपरानं तिच्या तोंडावर मारत होते. पहिल्या कोपरात तिचा फाटलेला ओठ पुन्हा फुटला. तरी तिनं मिठी सोडली नाही.

"पावणं, पाया पडतो," मामंजी हात जोडून आडवे आले. "पाया पडतो, पोर सोडा."

दाजींनी त्यांना एकच धक्का दिला. म्हातारा पायरीवरून खाली पाठीवर पडला आणि पडल्या पडल्याही त्यानं हात जोडलेलेच ठेवले. ते जोडलेले हात बघून मला दाजींपेक्षा त्यांचाच जास्त राग आला, हे खरं सांगते.

मग मी काही विचार केला नाही. दाजी पायवाटेनं उतरत वाफ्यापाशी आले होते. मी मागून धावत जाऊन त्यांच्या पायात स्वतःला झोकून दिलं. चौघंही पडलो. पिंकी त्यांच्या हातून सुटली आणि घरंगळत धुण्याच्या दगडापाशी गेली.

"पळ!" मी ओरडले. "आजोबांकडं पळ!"

पोर उठली आणि पळाली. ती हाती लागत नाही म्हटल्यावर दाजींनी सगळा राग आमच्यावर काढला. वनिताचे केस धरून त्यांनी तिचं डोकं वाफ्यात आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. मी त्यांच्या पाठीवर बसून मानेला नखं मारत होते, हाताला चावत होते. त्यांनी मला पाठीवरून खाली आणलं आणि गळ्यावर गुडघा ठेवला. सगळा वाफा आमच्या अंगाखाली भुईसपाट झाला होता. चुरडलेल्या पानांचा लिंबाचा वास इतका दाटला होता की श्वास घ्यायला तोच मिळत होता, आणि तोही आता मिळेनासा झाला. डोळ्यांपुढे काळं आलं. वनितानं मातीची मूठ त्यांच्या डोळ्यांत मारली, म्हणून गुडघा हलला.

दाजी डोळे चोळत उठले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला, मानेला, केसांना हिरवा रस लागला होता. डोळे मिटलेले, म्हणून आधारासाठी त्यांनी वर हात टाकला, तो थेट पेरूच्या फांदीवर. फांदी वाकली, कडाडली आणि तो हातभर लांबीचा घोस त्यांच्या खांद्यावर आणि मानेवर पडला.

"हलू नका!" मामंजी वरून ओरडले. "पावणं, हलू नका!"

त्यांनी ते माश्यांसाठी म्हटलं की जावयासाठी, मी कधी विचारलं नाही. दाजी जागच्या जागी थिजले. काही माश्या उडाल्या, भोवती फिरल्या आणि परत तिथेच येऊन बसायला लागल्या. राणी पडली होती त्यांच्या कॉलरपाशी, आणि राणी तिथं म्हणजे सगळं गोत तिथं. त्यात अंगाला तो वास. बघता बघता उजवा खांदा, मान आणि अर्धा गाल माश्यांनी झाकून गेला. बोटाखाली चिरडलेली एक माशी त्यांना चावली तेवढीच. पण तेवढ्यानं काम झालं. त्यांच्या तोंडातून चिरका, बारीक आवाज आला.

"काडा," ते ओठ न हलवता म्हणाले. "मामा, काडा ह्या."

मी उठून बसले. गळा दुखत होता, डोळ्यातलं रक्त पुसलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आग्या आहेत, दाजी."

आग्या माशी म्हणजे रानातली मोठी माशी. बैलाला लोळवते, माणसाला मारते. ज्यानं पोळं कधी जवळून पाहिलेलं नाही, त्यालाही हे नाव पुरतं.

"एक हलली की सगळ्या हलतील," मी म्हणाले. "मागच्या वर्षी रानात एका गड्याला धरलं होतं. घरच्यांना त्याचं तोंड ओळखू आलं नाही."

दाजींचे डोळे तेवढे फिरले. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मामंजींकडे पाहिलं. "मामा, खरं हाय?"

मामंजी कमरेला हात लावत पायरीशी उभे होते. त्यांच्या धोतरात तोंड खुपसून पिंकी चिकटली होती. सातेरीला आग्या म्हणणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं गाईला वाघ म्हणण्यासारखं होतं. शिवाय समोर जावई होता, आणि तो मदत मागत होता. पेटी उचलून आणायची, हातानं माश्या आत सोडायच्या, एवढंच काम. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "व्हय," ते म्हणाले. "आग्याच हाईत."

मला तेव्हा रडूच यायचं बाकी राहिलं होतं. पण रडायला सवड नव्हती.

"पोर हवी?" मी दाजींना विचारलं.

"न्हाई."

"मोठ्यानं."

"न्हाई! नगं पोर. सोडली. काडा ह्या."

"वनिता?"

"ती बी सोडली. आयची शपथ. परत हितं पाऊल टाकनार न्हाई. वैनी, गालावर चढत्यात. डोळ्यावर येत्यात गं!"

त्यांच्या पँटीचा पुढचा भाग ओला झालेला मी पाहिला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जिंकलो, असं वाटलं. आता मामंजींना म्हणायचं, उन्हं उतरू द्या, मग काढू, आणि तोवर त्याला असंच उभं ठेवायचं. मनातल्या मनात मी त्याला अरेतुरे करायला लागले होते.

तेवढ्यात वनिता उठली. कपाळाला माती, हनुवटीवरून रक्त. ती वाफ्यात वाकली, उरलासुरला पाला ओरबाडला आणि दोन्ही तळहातांना चोळला. मग पेटी उचलून नवऱ्यासमोर आली.

"वने, काय करतेस?" मी म्हणाले. "राहू दे."

"सातेरी हाईत," ती त्याला म्हणाली. "घरच्या. चावत न्हाईत."

मला वाटलं मारानं तिचं डोकं फिरलं. मी तिचा हात धरायला गेले, तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या हातानं पेटी त्याच्या छातीला टेकवून धरली, उजवा हात त्याच्या मानेवर ठेवला आणि ओंजळभर माश्या पीठ काढावं तशा काढून पेटीत सोडल्या. परत एक ओंजळ. कॉलर उलटी करून राणी शोधली आणि तिला दोन बोटांनी आत ठेवली. त्यानंतर बाकीच्या आपसूक आत शिरायला लागल्या.

"बगितलंस?" ती म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदा तिनं त्याला एकेरी हाक मारली असेल. "येक तरी चावली का मला?"

"वने, अगं, तो भ्याला होता," मी कळवळून म्हणाले. "आयता जात होता."

"माशांना भिऊन गेला असता, वैनी. माशांना भिऊन गेलेला मानूस दोन दिसांनी परत यितू." तिनं पेटीवर झाकण ठेवलं, ती पेरूच्या बुंध्याशी सावलीत हळूच टेकवली, चारी बाजूंनी नीट बसली का बघितलं. मग धुण्याच्या दगडावरचं धोपटणं उचललं.

कपडे बडवायचं बाभळीचं धोपटणं ते. मामंजींनी स्वतः तासलेलं.

पहिला घाव तिनं त्याच्या गुडघ्यावर घातला. तो अजून मान वाकडी करून, माश्या असल्यासारखाच उभा होता. गुडघ्यातून खचला तेव्हा त्याला शुद्ध आली. त्यानं शिवी दिली आणि उजवा हात उगारला. वनिता मागे सरली नाही. उगारलेल्या हाताच्या मनगटावरच दुसरा घाव बसला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. कडं वाकून मांसात रुतलं. तो ओरडला. तिनं त्याच मनगटावर पुन्हा मारलं. मग दंडावर, मग खांद्यावर. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, शिव्या देत नव्हती. धुणं धुताना जसा ठेका धरतात तसं चाललं होतं. तो वाफ्यात आडवा झाला, डोकं दोन्ही हातांत लपवायला गेला, पण एक हात ऐकतच नव्हता.

"वनिता!" मामंजी ओरडले. "अगं, जावई हाय!"

तिनं धोपटणं खाली न आणता बापाकडे पाहिलं. "तुमचा जावई हाय, आबा. माजा कुनी न्हाई."

आणि पुन्हा हाणलं.

शेवटी मीच तिला मागून कवटाळलं. दया आली म्हणून नाही. तो मेला तर ही तुरुंगात जाईल आणि पोर पुन्हा कुणाच्या तरी हाती पडेल, एवढं मला त्या घटकेला सुचलं. तिचं सगळं अंग लोखंडासारखं कडक झालं होतं. तो एका हातावर सरपटत पायवाटेपर्यंत गेला, तिथून बसत, घसरत खाली रस्त्यावर. जीप चालू व्हायला फार वेळ लागला. एका हातानं ती कशी नेली, त्याचं त्यालाच माहीत. हॉर्न वाजला नाही.

संध्याकाळी मालक आले. मोडकं दार, माझी फुटलेली भुवई, बहिणीचं तोंड बघून ते कोयता घेऊन निघाले होते. मामंजींनी त्यांना अडवलं. "झालं त्ये," म्हणाले. "तिनं केलं." एवढ्यावर ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढे चार दिवस आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. आज माणसं घेऊन येईल, उद्या पोलीस येतील. कुणीच आलं नाही. नंतर कोरेगावकडून आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं की हणमंताला सासरवाडीला आग्या माश्यांनी धरलं, जीव वाचवायला पळताना कड्यावरून पडला, हात कायमचा अधू झाला. सगळ्या गावाला तो हेच सांगत फिरत होता. बायकोनं बडवलं हे सांगायला त्याला तोंड कुठलं? तो परत कधी आमच्या वळणाच्या वर आला नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच.

वनितानं तोंड धुतलं, केस बांधले, लुगडं बदललं आणि पिंकीला जेवायला घालायला पडवीत आली. पिंकी कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. आई ताट घेऊन वाकली, तशी पोरीनं चांगला होता तो हात डोक्यावर घेतला आणि अंगाचं मुटकुळं केलं.

वनिता तिथेच थांबली. ताट तिनं जमिनीवर ठेवलं, हळूच पुढे सरकवलं आणि स्वतः पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. "खा," म्हणाली. "मी न्हाई येत जवळ." पोर तिच्यावरची नजर न काढता डाव्या हातानं जेवली. निजायच्या वेळी माझ्या कुशीत आली.

त्यानंतर दिवस गेले तशी पिंकी आईपाशी गेली, राहिली, तिच्या हातचं खाल्लं, तिच्या मांडीवर झोपली. वनितानं तिच्यावर कधी बोटसुद्धा उगारलं नाही. पेट्या वाढवल्या, मध विकला, पोरीला साताऱ्याला ठेवून शिकवलं. पण आईनं एखादी वस्तू पटकन उचलली की पिंकीची मान खांद्यात जाई. मोठी झाली तरी जाई.

गेल्या दिवाळीत ती आली होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आम्ही तिघी परसात बसलो होतो, वनिता वाफ्यातले शेंडे खुडून सुपात टाकत होती. गप्पांतून एकदम पिंकी म्हणाली, "मामी, तू तर तेव्हा होतीस ना? आईनं बाबांना का मारलं गं?"

मी विचारलं, "तुला काय आठवतं?"

"तेवढंच. आई मारतेय आणि बाबा खाली पडलेत. त्याच्या आधीचं काहीच नाही. बाबांचा चेहराही नाही." ती आईकडे बघत नव्हती. "मैत्रिणी वडिलांबद्दल विचारतात तेव्हा मला तेच दिसतं. त्यांनी असं केलं तरी काय होतं?"

संताप संताप झाला माझा. सगळं माझ्या ओठावर आलं. दार, झोळी, कोपर, गुडघा, सगळं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वनितानं सुपातून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बोलू नको, पोर विसरलीय ते विसरलेलंच राहू दे, एवढंच त्या नजरेत होतं. त्या नजरेपुढे माझं काही चाललं नाही.

मग ती लेकीला म्हणाली, "काई केलं न्हवतं त्येनं. राग आला हुता मला."

पिंकी "हं," म्हणाली आणि उठून आत गेली. वनितानं खाली मान घातली आणि पुढचा शेंडा खुडला.